ग्रंथालयात किशोरवयीन मुलांसाठी व्हिडिओ गेम्स सुरू करायचे आहेत. कसे करावेत?

सुरू कराच. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की 'पुस्तक नेणाऱ्यालाच खेळू द्यायचं, असं समितीचं म्हणणं आहे'. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात मी मुलांचा विभाग बघायचो. कुणीतरी जुना प्लेस्टेशन दिला, टीव्ही होताच. शनिवारी संध्याकाळी आठवी ते बारावीची मुलं फुटबॉलचा गेम खेळायला जमू लागली. लगेच समितीने हीच अट घातली. मग काय, पोरं आल्या आल्या कपाटाकडे. "सर, सगळ्यांत ल्हान पुस्तक खंयचें?" मी तारखेचा शिक्का मारायचो, पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर पडून राहायचं आणि पुढच्या शनिवारी न उघडताच परत यायचं. वार्षिक सभेत मात्र देवघेवीचे वाढलेले आकडे अभिमानाने वाचून दाखवले गेले. इंग्रजी माध्यमातला एक मुलगा मराठी अडखळत वाचायचा. सगळ्यांसमोर पुस्तक निवडायची त्याला लाज वाटे. तो यायचाच बंद झाला.

मी अट काढा म्हणालो, तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "हे वाचनालय आहे, खेळघर नव्हे." अहो, त्याच इमारतीत कितीतरी वर्षं कॅरम आहे! रोज संध्याकाळी तिथे बसणाऱ्या निवृत्त मास्तरांना 'आज कुठलं पुस्तक नेलंत' असं कुणी विचारलंय का? वर्तमानपत्रांच्या टेबलावर तासन्‌तास राजकारण चालतं, तेही वाचनालयात चालतं. मुलांनीच तेवढं प्रवेशशुल्क का भरायचं? अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००८ साली ग्रंथालयांत खेळांचा खास दिवस सुरू केला, तो काही खेळांच्या आडून पुस्तकं खपवायला नव्हे. गावात संध्याकाळी पैसे न मोजता बसता येईल अशी जागा पंधरा वर्षांच्या मुलाला कुठे आहे, एवढाच प्रश्न तुमच्या समितीला विचारा.

आता 'कसे' याबद्दल. मोबाइलवरचे गेम ठेवू नका, प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये मान घालून बसतो. एका पडद्यावर दोघं-चौघं खेळतील असेच गेम घ्या. पाळी कुणाची, हरलेल्याने कधी उठायचं, हे मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. आमच्याकडे फळा एका नववीतल्या मुलीच्या ताब्यात होता आणि तिचा निकाल दांडगी पोरंही मानत. मुलींसाठी पाळ्या राखून ठेवा, नाहीतर मुलगेच कंट्रोलर धरून बसतात. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर हवाच.

एक राहिलं. गेमच्या खोक्यावर बहुतेकदा पेगीचा, म्हणजे गेम कोणत्या वयापासून चालेल हे सांगणाऱ्या युरोपीय मानांकनाचा, आकडा असतो, ३, ७, १२, १६, १८. तो पाहूनच विकत घ्या. गेमच्या ऑनलाइन खात्याला कुणाचंही बँकेचं कार्ड जोडू नका, गेममधल्या खरेदीत पैसे जातात. गेमचे परवाने बहुतेकदा खाजगी वापरापुरते असतात, तेव्हा कंपनीला आधी लेखी विचारा. परीक्षेच्या दिवसांत वेळ कमी करा, पालक तक्रार करतात आणि ती रास्त असते.

पण पुस्तकाची ती अट ठरावातून आधी काढून घ्या, टीव्ही नंतर लावा.