वाचून मन जड होतं, तरी का वाचायचं?

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर कादंबऱ्या बाजूला ठेवून मी समाजावरची खरीखुरी पुस्तकं वाचू लागलो. अनिल अवचटांचं 'माणसं' झालं, आता 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' हातात आहे. प्रत्येक पुस्तकानंतर मन जड होतं. मी काही करू शकत नाही, मग वाचायचं कशासाठी? आणि माणसं सांगतात ते खरं कशावरून मानायचं?
– एक निवृत्त शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : सर, जड होऊ द्या. पण अशा पुस्तकात दुःखाइतकंच काम कसं चालतं हेही असतं, आणि मी वाचते ते त्यासाठी.

गिरणीतला धोटाच घ्या, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार चांगला, पण तिथे दलित कामगाराला घेत नसत. धोट्यातली सुताची कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे, आणि त्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. म्हणून त्याला सूत कातायच्या त्रासन खात्यात कमी पगारावर राबावं लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. जातीबद्दल मी शाळेपासून पुष्कळ ऐकलं होतं. ती महिन्याच्या पगारात कशी उतरते, हे मला या धोट्यामुळे कळलं.

माझे वडील साचेवाले. हे विचारायला ते राहिले नाहीत, म्हणून मी आत्याकडे गेले. तिची लालबागला खानावळ होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. जेवणाऱ्यांचे पैसे थकले तरी आत्याने पितळेची भांडी गहाण टाकून चूल चालू ठेवली. मग माणसं एकेक करून कोकणात, साताऱ्याकडे निघून गेली आणि उधारी वहीतच राहिली. संपाच्या पुढाऱ्यांवरचा तिचा राग अजून गेलेला नाही. वडील मात्र त्यांच्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नसत. संप एकच, घरही एकच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. तुमच्या हातातल्या पुस्तकात मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून येऊ दिलं. ती एकमेकांशी सहमत नसतात, म्हणूनच माझा विश्वास बसतो. ज्या पुस्तकात सगळे लेखकाच्याच मताचे निघतात, ते मी सावधपणे वाचते. राग, अभिमान माणसागणिक बदलणारच. पण पाळ्या, मजुरी, खोलीत किती जण झोपत, हे वेगवेगळ्या तोंडून सारखंच आलं तर ते पक्कं धरावं.

मुंबईच्या गिरण्यांचं काम भिवंडी, मालेगाव आणि तुमच्या इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतंच, संपाने त्याला वेग आला. म्हणजे या पुस्तकाचा पुढचा भाग तुमच्या गल्लीत चालू आहे. तुमचा एखादा माजी विद्यार्थी माग चालवत असेल. मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, कशी ठरते, एकटा किती माग सांभाळतो, सूत तुटून माग थांबला तर नुकसान कोणाचं, पाळीत जेवायला बसल्यावर मागाकडे कोण बघतं, हे त्याला विचारा. त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा. त्याची हरकत नसेल तर नाव न देता या सदरात छापू.