दोन कॅन्सर आहेत, तर पत्रात दोन्ही लिहून घ्या

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये पॅपिलरी आणि मेड्युलरी असे दोन्ही कॅन्सर आलेत, आणि इन्शुरन्सवाले म्हणतात 'आधी एक नक्की करा'. तुमचं हे वाचलं आणि ताईच्या वेळचा संताप परत वर आला. मी डॉक्टर नाही, तेव्हा उपचाराचं सर्जननाच विचारा. मी क्लेमचं सांगते.

ताईला सुईच्या तपासणीत फक्त पॅपिलरी दिसला होता, मंजुरी त्यावर मिळाली. गाठ काढल्यावर निघाले दोन. क्लेमच्या ऑफिसातला (नाव घेत नाही) म्हणे, कागद जुळत नाहीत, खरा कोणता ते लिहून आणा. हॉस्पिटल म्हणे, रिपोर्टमध्ये आहे की! मे महिन्यातल्या नागपुरात हे हेलपाटे, विचार करा. अहो, थायरॉइडमध्ये दोन जातीच्या पेशी असतात, पॅपिलरी होतो फॉलिक्युलर पेशींतून, मेड्युलरी सी पेशींतून. एकाच ग्रंथीत दोन वेगळे आजार. क्वचित होतं, पण होतं. हे त्या माणसाला कोण समजावणार?

काम झालं ते सर्जनच्या लेटरहेडवरच्या पत्राने. दोन स्वतंत्र गाठी, कोणती कुठल्या बाजूला, किती सेंटिमीटर, लॅबने तपासलेल्या कोणत्या ब्लॉकमध्ये (गाठीच्या तुकड्यात) दिसली. आणि सुई एकाच गाठीत घातली होती म्हणून आधी एकच दिसला, हे वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तर लिहून घ्याच, सगळं त्यावरच अडतं. पत्राच्या प्रतीवर पोच शिक्का मारून घ्या. तरी अडवलं तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही.

बाकी, 'पॅपिलरी म्हणजे काहीच नाही' म्हणून धीर देणारे नातेवाईक येतील, त्यांना चहा पाजून पाठवा. मेड्युलरीला रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) लागू पडत नाही, सी पेशी आयोडीन घेतच नाहीत. नंतरच्या रक्ततपासण्यांत नुसतं थायरोग्लोब्युलिन (पॅपिलरीसाठी बघतात ते) बघून भागत नाही, मेड्युलरीसाठी कॅल्सिटोनिन आणि सीईए बघावं लागतं. कॅल्सिटोनिनचं रक्त गरमीत खराब होतं, म्हणून घरी माणूस बोलावू नका. सकाळी लॅबमध्येच जाऊन द्या आणि लगेच थंड ठेवता का, ते विचारा.

आईची आरईटी जीनची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. मेड्युलरी साधारण चारातल्या एकाला घराण्यातून येतो. आईची पॉझिटिव्ह आली तर तुम्हा भावंडांचीही करावी लागेल. ताईची निगेटिव्ह आली, म्हणून आम्ही बाकीचे सुटलो. आमच्या पॉलिसीत या तपासणीचे पैसे मात्र मिळाले नाहीत, तुमची नीट वाचून घ्या.