पिकअपच्या बॉनेटखालची लाईट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मोहोळ): रात्री कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो, वाटेत काही झालं तर मोबाईल तोंडात धरून बॉनेटमध्ये बघावं लागतं. किती वॉटची एलईडी घेऊ?

उत्तर: वॉटच्या मागं लागू नका, सगळी मिळून १० वॉट भरपूर झाली. खरा घोळ जागेचा असतो. बॉनेट उघडलं की त्याची पुढची कड वर जाते, तिथं मधोमध एकच लाईट लावली की तुम्ही वाकल्यावर स्वतःच्याच डोक्याची सावली इंजिनवर, आणि मान वर केली की उजेड थेट डोळ्यात. त्यापेक्षा दोन छोट्या पट्ट्या घ्या, बॉनेटच्या आतून एक डावीकडं एक उजवीकडं, तोंड जरा आत वळवून, म्हणजे एकीची सावली दुसरी मारते. रंग साधा पांढरा, ४,००० ते ५,००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). एकदम निळसर घेतली तर ऑइल काळं पडलंय का आणि वायर तपकिरी का लाल हे नीट कळत नाही. ते रिमोटवालं रंगीबेरंगी प्रकरण वरातीला ठीक आहे.

प्रश्न (बार्शी): चिकटवलेली पट्टी उन्हाळ्यात गळून लोंबायला लागली.

उत्तर: गळणारच की वो! मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला, त्यात खाली इंजिन तापलेलं, नुसत्या डबल टेपचं काय चालणार. बॉनेटच्या आतल्या फेल्टवर तर ती धरतच नाही, उघड्या पत्र्याच्या पट्टीवर लावा, आधी तिथला ऑइलचा थर पुसून काढा आणि वरून क्लिप मारा. स्क्रू मारणार असाल तर अगदी आखूड, आतल्याच पत्र्यापुरता, नाहीतर वरून भोक पडेल आणि पावसाळ्यात तिथूनच गंज. लोंबलेली पट्टी फॅन किंवा बेल्टमध्ये गेली तर लाईटपेक्षा मोठा खर्च होतो, तोपर्यंत काढून ठेवा. आणि आयपी६७ लिहिलंय म्हणून वॉशिंगवाल्याला प्रेशर मारू देऊ नका, ते रेटिंग पाण्यात थोडा वेळ बुडण्याचं आहे, जोराच्या फवाऱ्याचं नाही.

प्रश्न (सोलापूर, अक्कलकोट रोड): इलेक्ट्रिशियन म्हणतो हेडलाईटच्या वायरीतूनच कनेक्शन देतो, चालेल का?

उत्तर: नको. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत कुठलीही वायर सोलून जोड मारला की उद्या सेन्सरचा एरर आला तरी वॉरंटीवाले त्याच जोडाकडं बोट दाखवणार. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी वायर घ्या, ३ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा (लाईटजवळ बसवला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविनाच राहिली ना), मायनस बॉडीच्या बोल्टला. १० वॉटला एक अँपिअरसुद्धा लागत नाही. बॉनेट उघडल्यावर आपोआप लागणारा पिन स्विच छान, पण आपल्या धुळीत तो अडकतो आणि बंद बॉनेटखाली लाईट रात्रभर जळत राहते, म्हणून सोबत एक साधा ऑन-ऑफ स्विच टाकाच. बिजागरीपाशी वायर थोडी ढिली सोडा, वरून स्लीव्ह घाला, सायलेन्सरच्या गरम पाईपपासून लांब न्या. पट्टी घेताना १४.४ व्होल्ट सोसते का विचारा, गाडी चालू असताना अल्टरनेटर तेवढं देतो आणि नुसती १२ व्होल्टची स्वस्त पट्टी त्यातच जळते.

प्रश्न (मंगळवेढा): हे सगळं करण्यापेक्षा चार्जिंगची चुंबकवाली लाईट घेतली तर?

उत्तर: कधीतरीच लागत असेल तर तीच घ्या, पत्र्याला कुठंही चिकटते, हातात धरून खालीही बघता येतं. फक्त काम झालं की केबिनमध्ये ठेवा, बॉनेटमध्ये विसरलात तर आतली लिथियम बॅटरी त्या गरमीत फुगते.