वडिलांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला कोणता डॅक जोडावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वडिलांचा १९८०च्या दशकातला स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि त्याच्याबरोबरचे स्पीकर अजून चालू आहेत. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वायर जोडली की गाण्यामागे घरघर येते. टीव्हीचा आवाजही त्यातूनच यायला हवा आहे. ऐकणं मुख्यतः जुनं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. पंचवीस हजार बाजूला ठेवलेत, आणि दुकानदार म्हणतो की एवढ्यात बरा डॅक (डिजिटल गाण्यातल्या आकड्यांचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारी पेटी) येत नाही, चाळीसपर्यंत जा.

चाळीस तर नकोतच, पंचवीसही लागणार नाहीत. पण खरेदीच्या आधी ती घरघर कुठून येते ते शोधा, कारण कोणता डॅक घ्यायचा हे त्यावरच ठरणार आहे.

रात्री घर शांत झालं की ॲम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या वायरी काढा, फक्त स्पीकरच्या राहू द्या. आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवून ऐका. तेव्हाही घरघर असेल तर ती ॲम्प्लिफायरची स्वतःची आहे. चाळीस वर्षांत पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकतात. ते चांगल्या मेकॅनिककडून बदलून घ्या, कारण ही घरघर कुठलाही डॅक घालवणार नाही. ॲम्प्लिफायर शांत असेल तर लॅपटॉप जोडा आणि त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर काढताच आवाज थांबला तर तो अर्थिंगचा फेरा आहे: लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर (किंवा त्याला जोडलेलं दुसरं काही) दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडले जातात आणि सिग्नलच्या वायरीच्या जाळीतून थोडा प्रवाह फिरत राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर जाड आणि खर्जातली असते. यावर उपाय म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपया असं कधीही करू नका. ती पिन तुमच्या वडिलांच्या जिवासाठी आहे. आधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आवाज खूप कमी होतो.

तिसरी शक्यता अशी की आवाज बारीक चरचरीचा आहे आणि माऊस हलवला किंवा पान सरकवलं की बदलतो. तसं असेल तर दोष लॅपटॉपच्या आतल्या साउंड सर्किटचा आहे आणि यूएसबी डॅकने तो जातो. अर्थिंगचा फेरा मात्र यूएसबी डॅकने जाईलच असं नाही, कारण यूएसबीच्या वायरीतून अर्थही डॅकपर्यंत पोचतो. तिथे ऑप्टिकल वायर कामाला येते. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे फेरा तिथेच तुटतो. हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि लोक महागडा यूएसबी डॅक घरी आणून तीच घरघर पुन्हा ऐकतात.

आता आवाजाच्या दर्जाबद्दल. सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा आकड्यांचा पुन्हा आवाज करणं हे सर्वांत अवघड काम होतं. फिलिप्सने सुरुवातीला १४ बिटांची चिप वापरून, चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून (म्हणजे दोन आकड्यांच्या मधले आकडे हिशोबाने भरून) १६ बिटांचं काम भागवलं. आज हा प्रश्न सुटलेला आहे. दहा हजारांच्या आसपासच्या नीट बनवलेल्या डॅकमध्ये गोंगाट आणि विकृती मूळ सिग्नलच्या ११० डेसिबलहून खाली असते. १६ बिटांच्या सीडीचा आवाका साधारण ९६ डेसिबलचा. आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्रीसुद्धा पंखा आणि रस्ता मिळून ३० डेसिबलच्या वर आवाज असतोच. म्हणजे डॅकची चूक खोलीच्या आवाजाखाली कितीतरी खोल गाडलेली असते.

हे मी नुसत्या कागदावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन डॅक होते, किमतीत जवळजवळ दहापट फरक. महिनाभर मला महागाचा आवाज जास्त मोकळा, जास्त भरलेला वाटत होता. मग एकसुरी टेस्ट टोन वाजवून मल्टीमीटर लावला. स्वस्ताचे २.० व्होल्ट, महागाचे २.४. हा फरक दीड डेसिबलहून थोडा जास्त होतो. इतका लहान फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दोघांची पातळी सारखी केली आणि बायकोला मला न दाखवता वायरी बदलायला सांगितलं. वीस वेळांत मी अकरा वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे छापा-काट्याइतकंच. दुकानातल्या ‘फरक ऐका’ प्रयोगावर त्या दिवसापासून माझा विश्वास नाही. पातळी मोजून सारखी केल्याशिवाय अशी तुलना करूच नका.

चिपच्या नावाच्या मागेही लागू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका शहरातल्या, डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तिच्या चिपचा पुरवठा आटला आणि अनेक डॅक-कंपन्यांनी ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नवी मॉडेलं काढली. बरोबर बांधलेल्या दोन्हींत तुमच्या खोलीत ऐकू येईल असा फरक नसतो. आर-टू-आर शिडीवाले (तयार चिपऐवजी रेझिस्टरांच्या रांगेने आकड्यांचा आवाज करणारे), ओव्हरसॅम्पलिंग न करणारे डॅक ही वेगळी आवड आहे. त्यांत वरच्या पट्टीला २० हजार हर्ट्झपाशी ३ डेसिबलच्या आसपास उतार असतो. ज्याला तो गोडवा हवा त्याने जरूर घ्यावा, वडिलांसाठी मी घेणार नाही.

वडिलांना रोज जाणवणारी गोष्ट वेगळी आहे: रिमोट. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटची पातळी बहुतेक वेळा कायम असते. टीव्हीच्या रिमोटवर आवाज कमी केला तरी ॲम्प्लिफायरचा होत नाही. जुन्या ॲम्प्लिफायरला रिमोट नाही, म्हणजे प्रत्येक जाहिरातीला वडील खुर्चीतून उठणार. म्हणून आवाज कमी-जास्त करणारा रिमोट डॅकलाच हवा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’ ठेवा. तिथे डॉल्बी किंवा ‘ऑटो’ राहिलं तर साधा दोन वाहिन्यांचा डॅक गप्प बसतो आणि लोक तो बिघडला म्हणून परत करतात.

जुन्या ॲम्प्लिफायरची एक अडचण लक्षात ठेवा. त्या काळच्या ऑक्स किंवा ट्यूनर इनपुटला पूर्ण आवाजासाठी साधारण १५० ते २०० मिलिव्होल्ट पुरत, डॅक मात्र २ व्होल्ट देतो. मग बटण जरा फिरवलं की घर दणाणतं, आणि बटणाच्या त्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा आवाज सारखाही नसतो. डॅकचा आवाज १० डेसिबल खाली ठेवला की सुमारे ०.६३ व्होल्ट उरतात आणि बटण मधल्या, नीट चालणाऱ्या भागात येतं. डिजिटल आवाज कमी केल्याने दर्जा जातो ही भीती आजच्या डॅकमध्ये बाळगू नका. फोनो लिहिलेल्या इनपुटला मात्र डॅक कधीही जोडू नका, ते तबकडीच्या सुईसाठी आहे.

आता वडिलांच्या संगीताबद्दल, कारण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाईंच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून जे उतरलंय त्याला १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ पुरून उरतात. १९२५च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्याआधीची गाणी तर भोंग्यासमोर गायलेली आहेत. तिथे ‘हाय-रेझ’ (सीडीहून बारीक मोजणीच्या) फाइलसाठी जादा पैसे देणं म्हणजे सुईच्या खरखरीची बारीक प्रत विकत घेणं. पण त्याच गाण्याच्या दोन वेगळ्या प्रतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही प्रतींत खरखर काढायच्या नादात तंबोऱ्याची जवारी आणि ऑर्गनची धार पुसून टाकलेली असते, आणि गायक उशीत तोंड घालून गातोय असं वाटतं. चार प्रती ऐका, थोडी खरखर असलेली पण जवारी जिवंत असलेली प्रत निवडा. हा फरक वडील पहिल्या आवर्तनात ओळखतील.

खोलीत फरशी आणि उघड्या भिंती असतील तर स्पीकरसमोर जाड सतरंजी, मागे पडदा लावा आणि स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. या खर्चाने जे मिळतं ते डॅकने मिळत नाही.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. ऑप्टिकल, यूएसबी आणि रिमोट तिन्ही हवं तर टॉपिंगचा ई३० टू. एसएमएसएलचा एसयू-१ तितकाच स्वच्छ आणि आणखी स्वस्त आहे, पण त्याला रिमोट नाही, म्हणून तुमच्यासाठी बाद. वडील लॅपटॉप उघडून गाणी लावण्याला कंटाळत असतील तर डॅकऐवजी विम प्रोसारखा स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी स्वतःच वाजवणारी पेटी) घ्या, फक्त त्याचा रिमोट वेगळा घ्यावा लागतो. डॅक आतच आहे, टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट आहे, लॅपटॉप मधून निघून गेल्याने घरघरीचं एक कारण आपोआप जातं, आणि फोन आला तरी गाणं थांबत नाही. तुमच्या जागी मी हेच करीन.

मागवण्याआधी दोन गोष्टी बघून सांगा: टीव्हीच्या मागे ऑप्टिकलचं चौकोनी सॉकेट आहे का, आणि ॲम्प्लिफायरच्या मागे आरसीएच्या (लाल-पांढऱ्या गोल सॉकेटच्या) जोड्या आहेत की पाच पिनांचं गोल डिन सॉकेट. डिन असेल तर टेप इनपुटसाठी ३ नंबरची पिन डावी, ५ नंबरची उजवी आणि २ नंबरची ग्राउंड, अशी वायर बनवून घ्यावी लागेल. फोटो टाकलात तर पिनांची बाजू मी खुणा करून देतो.