परिचारिका विचारतात: वॉर्डातला हिशेब

प्रश्न : मार्चमध्ये सलाईनची जागा सुजल्याच्या ६ केसेस होत्या, मेमध्ये ११ झाल्या. सर म्हणतात, काम ढिसाळ झालं. खरंच तसं आहे का?
– इन्चार्ज सिस्टर, परभणी जिल्हा

उत्तर : सिस्टर, नुसत्या ६ आणि ११ वरून काहीच ठरत नाही. खाली भागायला आकडा हवा. रोज सकाळी ८ च्या हँडओव्हरला वॉर्डात चालू असलेले इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवलेली नळी) मोजा. पेशंट नाही, इंट्राकॅथ. दोन्ही हातांना असतील तर दोन. महिन्याची बेरीज म्हणजे इंट्राकॅथ-दिवस. समजा मार्चमध्ये ते ३०० भरले आणि मेमध्ये ५५०, तर हजार इंट्राकॅथ-दिवसांमागे दर दोन्ही महिन्यांत २०च येतो. वाढले ते इंट्राकॅथ-दिवस. मेमध्येही ३००च भरले असतील तर दर ३७च्या जवळ जातो. मग मात्र कारण शोधायलाच हवं.

त्याआधी ‘सुजली’ म्हणजे काय ते सगळ्यांचं एकच असू द्या. रात्रपाळीने नुसती लाली धरली आणि दिवसपाळीने टणक शीर लागेपर्यंत धरलीच नाही, तर आकडा पेशंटचा नाही, पाळीचा होतो. व्हीआयपी स्कोअरचा (सलाईनची जागा बघून सुजेला गुण द्यायच्या पद्धतीचा) कागद ट्रॉलीला चिकटवा. जागा जरा दुखते किंवा किंचित लाल आहे : १, लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन गोष्टी दिसल्या : २, इंट्राकॅथ काढा, दुसरीकडे लावा. नोंद २ पासून धरा.

रजिस्टरला पाच रकाने पुरतात : हाताची नेमकी जागा, इंट्राकॅथचा रंग, म्हणजे जाडी (हिरवा १८ गेज, गुलाबी २०, निळा २२), लावल्याची तारीख-वेळ, कोणतं औषध चालू होतं, पट्टी सुटलेली होती का. शेवटचा रकाना आपल्याकडे फार बोलका. मे महिन्यात पारा ४२च्या वर, त्यात कूलरचा दमट वारा; घामाने पट्टीची कड उचलली जाते, हात हलला की नळी शिरेत पुढेमागे घासते. मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यावर लावली असेल तर जास्तच. तिथे सिस्टरला मेमो देऊन काय होणार? इंट्राकॅथ सांध्यापासून दूर, कोपराखालच्या सरळ भागावर घ्या, पट्टीआधी त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि कड सुटली की पट्टी त्याच पाळीत बदला. पोटॅशियम चालू असलेली जागा दर फेरीला बघा. ते शिरेला झोंबतं.

प्रश्न : पेशंट पडल्याचं लिहिलं की स्पष्टीकरण मागतात. मग लिहायचं कोणी?
– स्टाफ नर्स, लातूर

उत्तर : कोणीच लिहीत नाही, आणि मग अहवालात शून्य येतं. भरलेल्या वॉर्डात महिनोन्‌महिने शून्य दिसलं तर आम्ही आधी रजिस्टरवर शंका घेऊ. फॉर्मवर नाव नको. खाट, वेळ, पेशंट कुठे निघाला होता, कठडा वर होता का, एवढंच. पहिले दोन-तीन महिने आकडा वाढेल, हे मेट्रनना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : सुधारणा झाली असं कधी म्हणायचं?
– वाचक, बीड

उत्तर : एका चांगल्या महिन्यावरून नको. दर आठवड्याचा दर आलेखावर टिंबाने मांडा, किमान १० टिंबं झाली की मध्यकाची रेघ ओढा, म्हणजे निम्मी टिंबं वर आणि निम्मी खाली राहतील अशी. बदलानंतर सलग ६ टिंबं रेघेखाली आली तर फरक पडला म्हणा. रेघेवरच बसलेलं टिंब मोजू नका.