कुठलं ॲप ठेवायचं ते कॅलेंडरला विचारा

निपाणीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: घरात नेटफ्लिक्सचा ४९९चा प्लॅन, प्राइमचे वर्षाचे १,४९९ आणि जाहिराती नकोत म्हणून वर ६९९, हॉटस्टारचे १,४९९, शिवाय केबल महिना ३५०. भाव वाढतच चाललेत. पुण्याच्या दिरांना पासवर्ड दिलेला, तोही आता चालत नाही. सासूबाईंना मराठी मालिका लागतात, मुलगी नववीत आहे. ठेवू की सगळं बंद करू?

ताई, आधी बेरीज करू या, ती तुम्ही केलेली दिसत नाही. नेटफ्लिक्स वर्षाचे ५,९८८. प्राइम दोन्ही मिळून २,१९८. हॉटस्टार १,४९९. केबल ४,२००. झाले १३,८८५, आणि यात फायबरचं बिल धरलेलं नाही. हा आकडा आज रात्री जेवताना घरात मोठ्यानं सांगा. महिन्याला थोडेथोडे जातात तेव्हा कुणालाच काही वाटत नाही. गणपतीची वर्गणी मागायला पोरं पाचशेचं पावतीपुस्तक घेऊन आली की मात्र आपण दारात दहा मिनिटं घासाघीस करतो.

माझं बेळगावात शहापूरला रिचार्ज-झेरॉक्सचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. त्यामुळं ही भाववाढ मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलीय. लोक म्हणतात सगळंच महागलं. खरं तसं नाही, प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे.

नेटफ्लिक्स २०१६ साली भारतात आलं तेव्हा सगळ्यात स्वस्त प्लॅन ५०० रुपयांचा होता. २०२१ च्या डिसेंबरात त्यांनी उलट भाव उतरवले: मोबाइलचा १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९, प्रीमियम ६४९. तुम्ही ४९९ भरता ते दोन ठिकाणी एकावेळी बघता यावं आणि चित्र जास्त स्वच्छ दिसावं म्हणून. दुसरं ठिकाण म्हणजे तुमचे दीर होते. २०२३ च्या जुलैपासून घराबाहेरच्यांना पासवर्ड देणं त्यांनी बंद केलं. म्हणजे दोन वर्षांहून जास्त झालं, तुम्ही रिकाम्या खुर्चीचं तिकीट काढताय. १९९चा प्लॅन टीव्हीवर चालतो, फक्त एकावेळी एकच स्क्रीन. बत्तीस इंची टीव्हीवर आठ फुटांवरून बघणाऱ्याला त्यातला फरक कळतो असं मला वाटत नाही, माझा चष्मा लावूनसुद्धा. १४९चा मात्र घेऊ नका, तो फोन नाहीतर टॅबवरच चालतो. हे न वाचता घेऊन, टीव्हीवर का दिसत नाही म्हणून भांडायला येणारी गिऱ्हाइकं मला महिन्याला दोन-तीन तरी भेटतात.

प्राइमची गोष्ट उलटी. २०१६ ला वर्षाचे ४९९, पुढच्या वर्षी ९९९, २०२१ च्या डिसेंबरात १,४९९. मग १७ जून २०२५ पासून सिनेमाच्या मध्ये जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या नको असतील तर महिना १२९ किंवा वर्षाला ६९९ वेगळे. म्हणजे जी गोष्ट आधी ९९९ मध्ये बिनजाहिरातीची मिळत होती तिला आज २,१९८ लागतात. याला मी खरी भाववाढ म्हणतो. तुमच्या यादीतले ६९९ मी पहिल्यांदा कापले असते. जाहिरात लागली की उठून गॅस बारीक करून यायचं. दूरदर्शनच्या काळात आपण दुसरं काय करत होतो?

हॉटस्टारचं सगळ्यात गमतीशीर. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दाखवली. तेव्हा दुकानात सगळे खुशीत, फक्त डेटा व्हाउचर संपायचे. २०२४ ला त्याच ॲपवर महिना २९ रुपयांचा प्लॅन आला. १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन ॲप मिळून जिओहॉटस्टार झालं, आणि तेव्हा सगळ्यात खालचा पॅक तीन महिन्यांना १४९ चा होता, तोही फोनपुरता आणि जाहिरातींसह. त्या सालच्या आयपीएलला २९९ च्या रिचार्जवर तो नव्वद दिवस फुकट दिला. तेच २९९ चं रिचार्ज २०२४ च्या जुलैआधी २३९ ला मिळायचं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएल दाखवायचे हक्क ४८,३९० कोटींना गेलेत. एवढा पैसा कुठून तरी वसूल होणारच, एक तर जाहिरातीतून, नाहीतर तुमच्या-माझ्या खिशातून. सध्या दोन्हीकडून होतोय.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती आपल्या भागातल्या मराठी घरांना जास्त लागू आहे. सासूबाई मालिका कशावर बघतात? केबलवर ना? मग त्याच मालिकांसाठी ॲप कशाला भरताय? झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी-लिव्हवर. वाहिनी तीच, मालिका तीच, फक्त दार वेगळं. बऱ्याच घरांत सून ॲपचे भरते, सासू केबलचे भरते, आणि दोघी एकच मालिका वेगवेगळ्या खोलीत बघतात. आमच्याकडे तर याहून वाईट झालं होतं. एका ॲपवर पैसे भरणाऱ्याला दुसऱ्या दिवशीचा भाग आदल्या दिवशी दिसायचा. आई तो बघायची आणि सकाळी नळावर शेजारच्या काकूंना सांगून टाकायची. काकूंनी आठ दिवस अबोला धरला.

केबलमध्येसुद्धा एक गोम आहे. इकडं केबलवाला असो की छत्रीवाला (डिशवाला), बसवून जाताना कन्नड पॅक टाकून जातो आणि मराठी वाहिन्या वरून वेगळ्या लावतो. त्यात त्याची काही लबाडी असते असं नाही, जिल्हा कर्नाटकात म्हणून यादी तशी येते. खरं २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमानं वाहिन्या सुट्ट्या घेता येतात. केबलवाल्या अण्णांना बोलवा, चहा द्या आणि पॅकची छापील यादी मागा. सासूबाईंना लागणाऱ्या चार-पाच मराठी, मुलीला हवी तर एखादी कार्टूनची, बातम्यांच्या दोन, आणि तुमच्या मिस्टरांना कन्नड बातम्या लागत असतील तर ती एक. आमच्या घरी असं बसून केल्यावर ३८० चे २६० झाले. कधीकधी सुटं घेतलेलं पॅकपेक्षा महाग पडतं, तेव्हा त्यांच्यासमोरच कॅल्क्युलेटरवर बेरीज करा.

खानापूरकडं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना वेगळा सल्ला. तिथं पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस जातं. तिथं वर्षाचं कुठलंच ॲप घेऊ नका. दूरदर्शनची फ्री डिश बसवा. एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च, मग महिन्याला काही नाही, आणि दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी दिसते. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲपही २०२४ च्या नोव्हेंबरपासून आहे, त्यावर दूरदर्शनचं जुनं पुष्कळ काही फुकट बघता येतं. फोनच्या डेटावर सिनेमे बघणाऱ्यांनीही हिशोब ठेवावा: नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीमध्ये तासाला तीन जीबीपर्यंत लागतात. दिवसाला दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात संपतो आणि नायिका तोंड उघडं ठेवून गोल गोल फिरत बसते.

ॲप ठेवायचं की नाही हे ठरवायची माझी पद्धत अगदी गावठी आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं ना, दुधाचा हिशोब लिहायचं, त्याच चौकोनात महिनाभर रात्री झोपताना लिहायचं: आज कुठलं ॲप उघडलं आणि किती वेळ. एकेका अक्षरात. ‘न’, ‘प्रा’, ‘हॉ’. दूध न आलेल्या दिवशी फुली मारतो तशी काहीच न बघितलेल्या दिवशी फुली. आम्ही मागच्या श्रावणात केलं. महिनाअखेर बघितलं तर ‘न’ चार वेळा, आणि त्यातल्या एका वेळी पुढं ‘१० मि., झोप’ असं बायकोच्या अक्षरात लिहिलेलं. ४९९ भागिले चार, म्हणजे बैठकीला सव्वाशे रुपये. याच्याशी थिएटर ताडून बघा म्हणाल तर तिथंही स्वस्ताई नाही. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या कर्नाटक सरकारनं तिकीट दोनशेच्या वर नको असा नियम काढला होता, त्याला दहा-बारा दिवसांत उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. खरं थिएटरमध्ये आपण निदान झोपत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी एकावेळी एकच ॲप, पाळीपाळीनं. नेटफ्लिक्सचं बरं आहे, इथं ते महिन्यावरच मिळतं, वर्षाचं घेतल्यानं सूट मिळते असा मोह नाही. ज्या दिवशी पैसे भराल त्याच दिवशी रद्द करून टाका. महिना संपेपर्यंत चालू राहतं, आणि परत यायचं झालं तर दहा महिन्यांपर्यंत तुमची यादी, कुठवर बघितलं ते सगळं जागेवर असतं. प्राइमचं गणित पाचावर ठेवा: महिना २९९, तर पाच महिन्यांचे १,४९५, म्हणजे जवळजवळ वर्षाचेच पैसे. वर्षात पाच महिन्यांहून कमी बघणार असाल तर सुटं घ्या, किंवा तिमाहीचे ५९९ भरा. वर्षभर सामान मागवत असाल तर मात्र ते डिलिव्हरीच्या खात्यात धरा, करमणुकीच्या नाही. हॉटस्टार क्रिकेटपुरतं हवं असेल तर मार्च ते मे असे तीन महिने घ्या, तेही आधी रिचार्जबरोबर मिळतंय का बघून. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे, म्हणजे परीक्षेआधीचे चार महिने तुमच्या घरी सगळंच बंद राहणार हे मी आत्ताच सांगतो.

रद्द करण्याबद्दल नीट वाचा, सगळ्यात जास्त पैसे तिथं जातात. मागच्या महिन्यात वडगावच्या एक मावशी दुकानात आल्या. जुना फोन, काच कोपऱ्यात तडकलेली, मागं रबर लावून दहाची नोट खोचलेली. “काका, बघा की जरा, दर महिन्याला पैसे कटालेत. मी काय बी दाबलो नाही.” त्यांच्या नातवानं एक रुपयात सात दिवस म्हणून कुठलं तरी ॲप घेतलं होतं, नंतर डिलीट केलं होतं, आणि सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून दर महिन्याला १९९ चालले होते, सात महिने. ॲप डिलीट केल्यानं ऑटोपे थांबत नाही. फोनमधून फक्त चित्र जातं, बँकेला दिलेला हुकूम तसाच राहतो. मी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं, तिथं ते नाव ‘चालू’ म्हणून बसलेलं, रद्द केलं, पिन त्यांच्याकडूनच टाकवून घेतला. पावणेदोन मिनिटं लागली. मावशींनी ती रबरातली दहाची नोट काढून काउंटरवर ठेवली, मी घेतली नाही.

तुम्हीही आज यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून बघा, आणि प्ले स्टोअरमधलं सबस्क्रिप्शनचं पानही. कार्ड दिलेलं असेल तर बँकेच्या ई-मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांच्या, यादीत बघा. पैसे कापण्याआधी चोवीस तास तरी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज येतो, आपण तो लोनवाल्यांच्या मेसेजसारखा न वाचता सारतो. घेताना एका बोटात आणि रद्द करताना सात पानं फिरायला लावणाऱ्यांना केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत सबस्क्रिप्शन ट्रॅप असं नाव दिलंय आणि त्याला मनाई आहे. कुणी अडवलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला लावा.

कुणीतरी लिहीलच म्हणून सांगतो, टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं हे मलाही माहीत आहे. दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन ‘भरून द्या’ म्हणणारे येतात. मी करत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरून सिनेमा दाखवण्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड आहे. शिवाय मराठी सिनेमाला आपल्या गावात शो मिळायची आधीच मारामार, त्यात तोही चोरून बघितला तर पुढचा इकडं कशाला कोण आणेल?

तर तुमचं असं: ६९९ बंद. ४९९ चं १९९ करा आणि दोन-तीन महिन्यांपुरतंच ठेवा. हॉटस्टार तिमाही. प्राइम सामानासाठी लागत असेल तर ठेवा. केबलची यादी अण्णांकडून नव्यानं करून घ्या. नेटफ्लिक्सचे तीन महिने ५९७, प्राइम १,४९९ आणि केबल २६० ला बसली तर वर्षाचे ३,१२०, म्हणजे ५,२१६. त्यात हॉटस्टारचा तीन महिन्यांचा पॅक टाका. दिरांना सांगा, तुमचं तुम्ही घ्या. पुण्यात पगार जास्त आहेत.

आमच्याकडे या महिन्यात नेटफ्लिक्सची पाळी आहे, चौदा तारखेला संपतेय. केबलपण सहा महिने बंद करून बघू या का, असं काल आईला सहज विचारलं. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.