वाचकांचे प्रश्न : रानडुकरं वावरात शिरली, आता काय करावं?

खरिपाची सोयाबीन भरत आली की या सदरात रानडुकरांवरची पत्रं वाढतात. यंदा नागपूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. शिकारीच्या परवानगीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, पण कुंपण नीट बसलेलं असेल तर परवानगीपर्यंत जाण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. म्हणून कुंपणाच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (भिवापूर तालुका) : आमच्या शिवारात पूर्वी रानडुक्कर क्वचित दिसायचं. आता सोयाबीन आणि हरभरा रातोरात उकरला जातो. काही जण म्हणतात, ही गावातली मोकाट डुकरंच आहेत. ओळखायचं कसं, आणि एवढी वाढली कशानं?

उत्तर : रानडुकराच्या मानेवर आणि पाठीवर राठ केसांची आयाळ असते, शेपटी सरळ आणि टोकाला केसांचा गोंडा. गावठी डुकराची शेपटी बहुधा पिळलेली असते. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर लांब पिवळट पट्टे दिसतात, ते काही महिन्यांत जातात. दोघं एकाच जातीचे असल्यानं संकरही होतो. शंका असेल तर वनरक्षकाला दाखवा, अंदाजानं काही करू नका.

नुकसानीवरूनही कळतं. रोही (नीलगाय) पिकाचे शेंडे वरून खुडते. डुक्कर झाड मुळासकट उपटतं, माती नांगरल्यासारखी उलटी करतं आणि मक्याचं ताट आडवं पाडून कणीस चावतं. ओल्या धुऱ्यावर (बांधावर) दोन मुख्य खुरांच्या मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन लहान खुरांचे ठिपके उमटले असतील तर ते डुक्करच. तारेला अडकलेले राठ केस आणि झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर घासलेला चिखल, याही पक्क्या खुणा.

वाढीचं कारण दडण आणि खाद्य. मादी सुमारे ११५ दिवस गाभण राहते, एका वेळी चार ते सहा पिल्लं देते, आणि चारा भरपूर असला तर तिची पिल्लं वर्षभरात वयात येतात. नाल्याकाठची वेडी बाभूळ, पडीक रानातली घाणेरी आणि न वापरलेल्या पांदणी दिवसा लपायला पुरतात. कालव्याच्या पाण्यामुळे रब्बी पीकही हाताशी येतं. त्यातच आपल्याकडे सोयाबीन-तुरीचं आंतरपीक. सोयाबीन निघालं की माणसाएवढी तूर उभी राहते आणि कळप दिवसाही वावर सोडत नाही. धुऱ्यालगतचा झुडपी पट्टा पिकापासून पाच-सहा मीटर मोकळा केला, तर उघड्यावरून यायला डुक्कर कचरतं. हे काम पावसाळ्याआधी करायचं.

प्रश्न (कुही तालुका) : कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून झटका सोडणारं झटका मशीन बसवलं, मशीन टिकटिकतं, तरी डुकरं तारेखालून निघून जातात. मशीन खराब आहे का?

उत्तर : मशीन बहुधा ठीक आहे. दोष खालच्या तारेत किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे मशीन जमिनीशी जोडणाऱ्या सळयांत, असतो, आणि दहापैकी आठ तक्रारी अर्थिंगच्याच निघतात.

डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडी. झटका खऱ्या अर्थानं लागतो तो ओल्या नाकाला. म्हणून सर्वात खालची तार जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवरच हवी, दुसरी ४० ते ४५ वर, तिसरी ७५ च्या आसपास. रोहीही येत असेल तर वर आणखी दोन तारा चढवाव्या लागतील. सपाट जागी डांबातलं अंतर जास्त चालतं. पण नाली, चर, बैलगाडीची चाकोरी अशा खोलगट जागी खालची तार आपोआप उंच होते आणि डुक्कर नेमकं तिथूनच जातं. अशा प्रत्येक जागी एक जादा डांब ठोकून तार खाली ओढून घ्या.

आता अर्थिंग. एक फूटभर सळई मशीनशेजारी ठोकून भागत नाही. किमान तीन जस्ती सळया, प्रत्येकी एक ते दीड मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटर अंतरावर, आणि तिन्ही एकाच तारेनं जोडलेल्या. मोटारीच्या किंवा घराच्या अर्थिंगपासून ही अर्थिंग लांब ठेवा. काळी माती पावसाळ्यात उत्तम अर्थ देते, पण एप्रिल-मे मध्ये भेगाळली की सळईभोवती पोकळी होते आणि अर्थिंग सुटते. सळई कोळसा-मिठाच्या खड्ड्यात बसवा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घाला. जमीन फारच कोरडी पडत असेल तर मधली तार अर्थला जोडा आणि वरची-खालची चालू ठेवा. डुक्कर दोन तारांना एकदम टेकलं की माती कोरडी असली तरी झटका बसतो.

तपासणी अशी करा. डिजिटल फेन्स टेस्टर घ्या. मशीनपासून सर्वात लांबच्या टोकाला ४,००० व्होल्टच्या वर वाचन हवं. कमी येत असेल तर गवत टेकलं आहे, इन्सुलेटर फुटला आहे किंवा गाठ गंजली आहे, या क्रमानं शोधा. अर्थिंग तपासायला मशीन बंद करून १०० मीटर पुढे तारेला लोखंडी सळया टेकवून जमिनीत रोवा, मग मशीन चालू करा. तारेवरचं वाचन २,००० व्होल्टच्या खाली आलं पाहिजे. अशा वेळी अर्थच्या शेवटच्या सळईवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आणखी सळया ठोका. सळईला हात लावून पाहू नका.

तारेखालचा दीड-दोन फुटांचा पट्टा डवरणीच्या वेळीच साफ ठेवा. ऑगस्टमध्ये ओलं गवत तारेला टेकलं की सगळा झटका तिथेच जिरतो. सौर पाटीवरची धूळ पुसा, १२ व्होल्टच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर पाहत राहा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची : तारा ओढल्या त्याच संध्याकाळी झटका सुरू करा. चार रात्री तार मेलेली मिळाली तर कळप खालून जायला शिकतो, मग तीच तार चालू करूनही त्याला परतवणं अवघड होतं.

एकट्यानं कुंपण केलं तर डुकरं शेजारच्या वावरात सरकतात. लागून असलेल्या तिघा-चौघांनी मिळून बाहेरून एकच वेढा दिला तर तार आणि मशीन दोन्हींचा खर्च वाटून जातो. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

प्रश्न (रामटेक तालुका) : मशीन परवडत नाही. शेजारी रात्रीपुरता घरच्या लाइनीचा करंट तारेत सोडतो. आम्हीही सोडावा का?

उत्तर : नाही. कधीच नाही. झटका मशीनचा ठोका साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ टिकतो आणि मध्ये सेकंदाचं अंतर असतं, म्हणून हात सुटतो. २३० व्होल्टचा घरगुती करंट सलग वाहतो, स्नायू आखडतात आणि हात तारेला चिकटून राहतो. अशा तारांनी विदर्भात जागलीला (रात्रीच्या राखणीला) गेलेली माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ ‘श्रीनिवास’ हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ असाच गेला. क्लच वायरचे फासे आणि डुकरांसाठी पेरलेले गावठी बॉम्ब यांनाही हेच लागू. गाय-बैलाचा जबडा फुटतो तो त्याच बॉम्बनं. मशीन परवडत नसेल तर बांधाला करडईच्या चार दाट ओळी पेरा, काटेरी वाण निवडून. कळप पूर्ण थांबणार नाही, पण येण्याच्या वाटा कमी होतील आणि जागल करणाऱ्याला नेमकं कुठे बसायचं ते कळेल.

प्रश्न (पारशिवनी तालुका) : पीक वाचवायला डुक्कर मारण्याची परवानगी मिळते असं ऐकलं. प्रत्यक्षात काय करावं लागतं?

उत्तर : वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात रानडुक्कर अनुसूची २ या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आलं. कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या. सातबारा, पिकाचे फोटो, नुकसानीच्या तारखा जोडा आणि पोच घ्या. परवानगी कागदावर हातात येईपर्यंत काहीही करू नका. कायद्याच्या व्याख्येत फासा, सापळा, आमिष लावणं आणि हाकणं, हे सगळं ‘शिकार’च आहे.

परवानगी मिळाली तरी बंदूक परवानाधारकाचीच हवी. वेळ, हद्द आणि संख्या परवानगीत लिहिली असेल तेवढीच. बारा बोअर बंदुकीनं ३०-३५ मीटरच्या पलीकडे गोळी घालू नये. नराच्या खांद्यावर जाड चिवट ढालीसारखी कातडी असते, समोरून मारलेली गोळी तिथे अडते आणि जखमी जनावर पळतं. आडवं उभं असतानाच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या भागात नेम हवा. पलीकडे मातीचा बांध असला तरच गोळी. उभ्या तुरीत कुणी जागलीला झोपलेलं असू शकतं. जखमी डुकराच्या मागे लगेच तुरीत शिरू नका, ते सुळ्यांनी मांडी फाडतं. अर्धा तास थांबा आणि वनरक्षकाला बोलवा.

मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता ठरतं. ४८ तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलिसांना कळवायचं. मांस घरी नेणं हा वेगळा गुन्हा. रानात न मारलेलं, आपोआप मेलेलं डुक्कर दिसलं तर ते ओढत गावात आणू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून भारतात आहे. माणसाला तो होत नाही, पण पाळीव डुकरांचा कळप संपवतो. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून डुकरं मारतात. आपल्याकडे तसं का नाही?

उत्तर : तिथलं डुक्कर मूळचं तिथलं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट झाली, पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं सोडली गेली. आपल्याकडे ते मूळचं आहे, वाघाचं आणि रानकुत्र्यांचं भक्ष्य आहे. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडलाच्या भोवती ते संपलं तर वाघ गोठ्याकडे वळेल. शिवाय हेलिकॉप्टरनंही तिथला प्रश्न सुटलेला नाही. टेक्सासनं २०११ मध्ये जमीनमालकांना त्याची मुभा दिली. पण संख्या नुसती स्थिर ठेवायलाही दरवर्षी सुमारे सत्तर टक्के डुकरं कमी करावी लागतात, आणि गोळ्या झाडल्यावर फुटलेला कळप नव्या भागात पसरतो. शिकारीची हौस म्हणून लोकांनीच डुकरं गाडीत घालून नव्या जिल्ह्यांत सोडली. त्यामुळे कॅन्सस राज्यानं हौशी शिकारीवर बंदी घातली. आता तिथे भर आहे तो अख्खा कळप एकदम पकडण्यावर : मोठा गोल सापळा उघडा ठेवून काही दिवस मका टाकायचा, कॅमेऱ्यात सगळा कळप आत दिसला की मोबाइलवरून दार पाडायचं. एक मादी बाहेर राहिली तरी ती सापळा ओळखायला शिकते. आपल्याकडे शेतकऱ्यानं स्वतः असा सापळा लावणं हा गुन्हा आहे. वन विभागाकडे गावाच्या वतीनं, ग्रामसभेच्या ठरावासह मागणी करता येते.

नुकसानभरपाईबद्दल बऱ्याच पत्रांत विचारलं आहे. अर्ज नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत जायला हवा. पंचनामा होईपर्यंत उकरलेली जागा वखरू नका, आणि फोटोत गट क्रमांकाचा दगड किंवा विहीर अशी शेत ओळखू येईल अशी खूण घ्या.